माळ्यावरची ट्रंक

मॅडिसन

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न.

बाबा, घर रंगवायला काढलंय, तेव्हा माळ्यावरची आजीची ट्रंक रद्दीवाल्याला देणार असं तुम्ही फोनवर म्हणालात. मी बसमध्ये होते, नुसतं 'हं' म्हटलं. आता नीट लिहिते. देऊ नका.

इथल्या विद्यापीठात गेर्डा लर्नर नावाच्या इतिहासकार बाई होत्या. २०१३ साली वारल्या. जन्म १९२० चा, व्हिएन्नातल्या ज्यू घरातला. १९३८ मध्ये नाझी आले, वडील निसटले, आणि त्यांची मालमत्ता उकळायला या मायलेकींना तुरुंगात टाकलं. ज्यूंना शिधा कमी. कोठडीतल्या दोन ख्रिस्ती मुलींनी आपल्या घासातला घास हिला दिला. अठरावा वाढदिवस तिथेच गेला. पुढच्या वर्षी एकटीच अमेरिकेत आली. मग मिळेल ती नोकरी, लग्न, दोन मुलं.

आई, आता ऐक. बी.ए. झाली तेव्हा या बाई ४३ वर्षांच्या होत्या! त्याच वर्षी, १९६३ मध्ये, स्त्रियांच्या इतिहासाचा वर्गही घेतला. आणखी तीन वर्षांत कोलंबिया विद्यापीठातून पीएच.डी. तुझं 'या वयात काय शिकायचं' आता मी ऐकणार नाही.

राजे आणि लढाया सोडून त्यांनी बायकांनी लिहिलेलं, सांगितलेलं शोधलं. १९७२ च्या त्यांच्या पुस्तकात कृष्णवर्णीय स्त्रियाच बोलतात: गुलामीतून आलेल्या, शिक्षिका, घरकाम करणाऱ्या. पत्रं, जबान्या, आठवणी. पुढे पुरुषसत्तेचा उगम शोधत त्या थेट मेसोपोटेमियापर्यंत गेल्या. तो ग्रंथ मला जडच गेला, खोटं कशाला सांगू. पण पुरुषसत्ता निसर्गाने दिलेली नाही, माणसांनी घडवलेली आहे, हे त्यांचं म्हणणं डोक्यातून जात नाही. १९८० मध्ये मॅडिसनला येऊन स्त्रियांच्या इतिहासाची पीएच.डी.सुद्धा त्यांनीच सुरू करून दिली.

आणि आपण आजीच्या हिशेबाच्या वह्या किलोवर देणार? दूध, रॉकेल, भिशी, कुणाच्या बाळंतपणाला किती डिंक. मधेच कुठेतरी, 'आज कोणाशी बोलले नाही.' लहानपणी ते वाचून मी हसले होते.

ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाका आणि पावसाआधी ती खाली उतरवा. बाबा, तुम्ही शिडीवर चढू नका, शेजारच्या मुलाला सांगा. आणि आई, तुझी निळी डायरीही त्यातच ठेव. ती तांदळाच्या डब्यामागे असते, मला माहीत आहे.

तुमची,
चिमी