वचन नको पाठवूस, नुसता फोन कर

बाळा,

काल फोनवर म्हणालास, आई मी खोटं काय बोललो, खरं तेच सांगितलं ना. बाबा शेजारीच होते म्हणून मी गप्प बसले, तुला माहितीच आहेत ते. पण रात्रभर तेच डोक्यात. तुझ्या त्या मित्राला परत फोन केलास का?

त्याचे वडील आयसीयूत, आणि तू बाहेरच्या बाकावर बसून त्याला तासभर पाप, तारण, क्रूस सगळं सांगितलंस, मोबाईलवर बायबलची वचनं काढून काढून. तो उठून गेला तर म्हणतोस त्याचं मन कठीण आहे. अरे तो दोन रात्री झोपला नव्हता रे.

बायबलातल्या ईयोबाचे मित्र आठव, त्याची मुलंबाळं, गुरंढोरं सगळं गेलं तेव्हाचे. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द नाही बोलले. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं, शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. आणि विहिरीवर त्या शोमरोनी बाईला प्रभू येशू पहिल्यांदा काय म्हणाला? मला प्यायला दे. आधी मागितलं, मग तीच एकेक विचारत गेली. येशूचा शिष्य पेत्र, त्यानेही विचारणाऱ्याला उत्तर द्या असंच लिहिलंय, ते पण सौम्यतेने... झालं, सुरू झालं माझं प्रवचन. सॉरी.

खरं तर मी कोण बोलणार. मावशीचं बाळ गेलं तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, देवाची काहीतरी योजना असेल. ती झबल्यांच्या घड्या घालत होती. हातातलं तसंच खाली ठेवलं आणि आत गेली. पावणेदोन वर्षं बोलली नाही माझ्याशी.

आप्पांचं बघ ना. उधळ्या पुत्राची गोष्ट, धाकटा सगळं उडवून परत येतो आणि बाप मेजवानी देतो ती, ते नेहमी थोरला भाऊ रुसून बाहेर उभा आहे तिथंच सोडायचे, कारण लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात तो आत गेला की नाही ते लिहिलेलंच नाही. तू रडकुंडीला येऊन विचारायचास, गेला का पण? ते चष्मा पुसत म्हणायचे, तू असतास तर? बस्स. पुढे एक शब्द नाही. तू आठवडाभर तेच घोळवत बसायचास, आंघोळ करताना पण.

तुला विश्वासाची लाज नाही वाटत याचा अभिमान आहे रे मला. बाराव्या वर्षी चर्चमध्ये मंडळीपुढे साक्ष द्यायला उभा राहिलास, पाय लटपटतायत, कागद उलटा धरलेला, तरी बोललास. पण भीती पण त्याचीच वाटते, कोणी ऐको न ऐको तू बोलतच राहशील आणि बाकावर एकटाच उरशील.

त्याने कधी विचारलंच तर त्या वर्षाचं सांग, तू कॉलेज सोडून घरी आला होतास ते. सगळं सांग, माझ्यावर ओरडलेलं पण.

आज मात्र वडील कसे आहेत एवढंच विचार. उचलला नाही तर मेसेज टाक, साधा. खाली वचन नको जोडूस, प्लीज. आणि केलास की मला कळव, मी वाट बघतेय.

तुझी आई