चाळीस बुलेट, एक हवालदार आणि आपलं गेट

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
मुलुंड (पूर्व), मुंबई

विषय : सी विंगमधील, लष्करातून निवृत्त झालेल्या हवालदारांच्या स्वागतासाठी येत्या रविवारी येणाऱ्या मोटारसायकल फेरीला नाकारलेल्या परवानगीचा फेरविचार करणेबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

पाकिटावर माझा फ्लॅट नंबर बघून तुम्ही मनात म्हणाला असाल, आल्या बाई पुन्हा आवाजाची तक्रार घेऊन. साहजिक आहे. माझ्या बेडरूमची खिडकी बरोब्बर गेटच्या डोक्यावर आहे आणि रिव्हर्स हॉर्नपासून नवरात्रातल्या स्पीकरपर्यंत मी तुम्हाला काय काय लिहिलंय ते तुमच्या फायलीत असेलच. या खेपेला मात्र चाळीस मोटारसायकली येऊ द्या, असं सांगायला लिहिते आहे. गेटपर्यंत. आत नाही. ते का, ते पुढे येईलच.

आपल्या पोरांनी केलेल्या अर्जावरचा तुमचा निर्णय नोटीस बोर्डावर वाचला. आवाज होईल, पार्किंग अडेल आणि पायंडा पडेल, अशी तीन कारणं दिली आहेत. पहिली दोन मला पटतात. तिसरं नाही पटत. पायंडा पडायला आपल्याकडे दर महिन्याला कोणी लष्करातून पेन्शनवर येत नाही. आलाच उद्या आणखी एखादा, तर पडू द्या की पायंडा. त्या नोटिशीवरून ग्रुपवर जे रामायण झालं ते तुम्हीही वाचलंत. एकीकडून समितीला देशप्रेम शिकवणं चालू, दुसरीकडून पोरांना टवाळ ठरवणं चालू, आणि एकाही बहाद्दराला सी विंगमध्ये जाऊन मावशींना, म्हणजे हवालदारांच्या आईंना, विचारावंसं वाटलं नाही. म्हणून मीच गेले.

मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "येऊ दे गं पोरांना, हौस आहे त्यांची. पण उघड्या जीपमध्ये उभं बिभं करू नका त्याला. तो तिथेच भांडेल." मग म्हणाल्या, फोनवर सांगितलं तेव्हा त्याने दोनच गोष्टी विचारल्या. पोरं हेल्मेट घालतात का, आणि घरात चहापावडर आहे का.

नवीन सभासदांपैकी बऱ्याच जणांना हा माणूस माहीतच नाही, आणि त्यांचा त्यात दोष नाही. तो भरती होऊन गेला तेव्हा इथे आपली जुनी चार मजली इमारत होती, लिफ्ट नव्हती आणि गेटला कडीसुद्धा धड नव्हती. नंतर पुनर्विकास झाला, टॉवर उभा राहिला, माणसं बदलली. मागच्या सुट्टीत तो काळी ट्रंक घेऊन रिक्षातून उतरला, तर वॉचमनने त्याला पाहुण्यांच्या वहीत सही करायला लावली. कोणाकडे जायचंय, काम काय. त्याने मुकाट्याने लिहिलं : 'आईकडे'. कामाच्या रकान्यात रेघ मारली. ती वही मी स्वतः पाहिली आहे.

ग्रुपवर एकाने विचारलं होतं, "किती मेडल्स आहेत?" तेही सांगून टाकते, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. हा माणूस आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होता. सिनेमात दाखवतात तसलं काही तुम्हाला तो सांगणार नाही. श्रीनगरहून लेहला जाणाऱ्या रस्त्यावर जोजिला नावाची खिंड आहे, साडेअकरा हजार फुटांवर. बर्फ पडला की वाट बंद. त्याच्या आत लडाखमधल्या ठाण्यांना सबंध हिवाळा पुरेल इतकं पीठ, डाळ, रॉकेल, डिझेल वर पोचलेलं असावं लागतं. ते पोचवणाऱ्या गाड्यांपैकी एक हा चालवायचा. वर चौकीवर बसलेल्या शिपायाच्या ताटात जानेवारीत वरण पडतं, ते सप्टेंबरात अशा कोणीतरी नेलेलं असतं. आता मेडल मोजायची असतील तर मोजा.

एका सुट्टीत त्याने आमच्या मुलाला कॉन्व्हॉय, म्हणजे लष्करी गाड्यांचा ताफा, कसा चालतो ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर काड्यापेट्या मांडून दाखवलं होतं. सगळ्यांत हळू गाडीचा वेग तोच सगळ्यांचा वेग. पुढच्या गाडीपेक्षा आरशातल्या मागच्या गाडीवर लक्ष जास्त; ती दिसेनाशी झाली की आपण वेग कमी करायचा, मग आपल्या पुढचा करतो, असं होत होत निरोप हॉर्न न वाजवता पहिल्या गाडीपर्यंत जातो. शेवटच्या गाडीवर सगळ्यांत जाणता ड्रायव्हर, कारण काही बिघडलं तर निस्तरायचं त्याला. ओव्हरटेकचा प्रश्नच नाही. आमचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता आणि बाइकवरून उडत असायचा. त्या काड्यापेट्यांनी थोडा जमिनीवर आला.

अशा माणसाला आणायला आपली पोरं चाळीस गाड्या घेऊन निघणार. म्हणजे काढ्याच्या दुकानात काढा विकायला जाण्यातली गत. ठाणे स्टेशन ते आपलं गेट, लोकलने एक स्टेशन. हसू येतं खरं. पण आमच्या साताऱ्याकडे माणूस पेन्शनवर आला की एसटी स्टँडपासून घरापर्यंत हलगी लावून, गुलाल उधळून आणतात, तेही अंतर फार नसतंच. तिथल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे मिलिटरी लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. अशा ठिकाणी कोण कोणाकडे परवानगी मागतो? अख्खा रस्ताच ओळखीचा असतो. मुलुंडचा रस्ता तसा नाही, म्हणून हा सगळा पत्रव्यवहार.

मोटारसायकलवाल्यांनी सैनिकांना घरी आणायचं हे खूळ पोरांनी कुठून घेतलं ते मी त्यांना विचारलं. अमेरिकेतले व्हिडिओ बघून, म्हणाली. तिकडची गोष्ट मला ठाऊक होती. २००५ साली कानसासमध्ये पॅट्रियट गार्ड रायडर्स सुरू झाले ते स्वागतासाठी नव्हेच, अंत्यविधीसाठी. एका चर्चची माणसं युद्धात गेलेल्या सैनिकांच्या अंत्यविधीच्या ठिकाणी वाईट वाईट फलक घेऊन उभी राहायची, तर हे मोटारसायकलवाले झेंडे धरून मधे भिंतीसारखे उभे राहायला लागले. घोषणा घरच्यांच्या कानी पडू नयेत म्हणून इंजिनं रेस करायचे. परतणाऱ्या सैनिकांना आणायला जाणं नंतर आलं. त्यांचा एक दंडक पहिल्यापासूनचा आहे : घरच्यांचं बोलावणं असेल तरच जायचं. व्हिडिओत इंजिनांचा आवाज ऐकू येतो, हा दंडक दिसत नाही. कानसासला त्या आवाजाने कोणाचं तरी तोंड झाकायचं होतं. आपल्या गेटसमोर काय झाकणार, मेथीवाल्याची हाक?

तेव्हा पोरांना बसवून मी काही गोष्टी कबूल करून घेतल्या आहेत. तुमच्यासाठी लिहून देते, हवं तर त्यांच्या सह्या घ्या.

मॉडिफाइड सायलेन्सरची एकही गाडी येणार नाही. कायद्याने ते चालतच नाहीत आणि मागच्या गल्लीत प्रसूतिगृह आहे. रुग्णालयाभोवतीचं १०० मीटर शांतता क्षेत्र सायलेन्सरला माफ नसतं. दोघं बसले असतील तर दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. ठाण्याच्या हद्दीत ठाणे पोलीस आणि आनंदनगर टोलनाक्याच्या अलीकडे मुंबई पोलीस, म्हणजे कळवायचं दोन्हीकडे. पोरांना हे सुचलंच नव्हतं, आता अर्ज दोन्हीकडे गेले आहेत. सिग्नलला रांग तुटली तर तुटू द्यायची. कोणीही खाली उतरून हात आडवे करून रस्ता अडवायचा नाही. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर रविवारी सकाळीसुद्धा एखादी अॅम्ब्युलन्स असतेच, आणि तिच्यात कोण असेल सांगता येत नाही.

झेंड्यावरून मात्र खडाजंगी झाली. प्रत्येक हँडलला तिरंगा लावायचा त्यांचा बेत होता, कापडसुद्धा आणून झालं होतं. मी म्हटलं, २००२ ची ध्वजसंहिता वाचा. गाडीवर राष्ट्रध्वज लावायचा मान राष्ट्रपती, राज्यपाल, पंतप्रधान, मंत्री अशा ठरावीक पदांचा आहे. तुमच्या बुलेटचा नाही, माझ्या स्कूटीचाही नाही. "पंधरा ऑगस्टला सगळेच लावतात," म्हणे. लावतात, आणि सोळा तारखेला ते गटारात दिसतात, हेही सगळेच बघतात. शेवटी झेंडूच्या माळांवर तडजोड झाली. दादरहून शनिवारी फुलं येतील. पाकळ्या आवारात सांडल्या तर झाडायला त्यांच्यातलेच चौघे थांबणार आहेत, झाडूवालीच्या रविवारच्या सुट्टीवर टाकायचं नाही.

आता मुख्य मुद्दा. अर्जात पोरांनी लिहिलं होतं की गाड्या आत येतील, आवाराला दोन फेऱ्या मारतील आणि सी विंगसमोर थांबून इंजिनं रेस करून मानवंदना देतील. ते तुम्ही नाकारलंत ते बरं केलंत. पण त्याबरोबर सगळंच नाकारलंत. माझं म्हणणं असं, की गाड्या गेटच्या बाहेर भिंतीलगत एका रांगेत लावायच्या, इंजिनं बंद करायची आणि पोरांनी पायी आत यायचं. हवालदारसाहेब त्यांच्या भावाच्या गाडीतून येणार आहेत (गुडघा दुखतो, बुलेटवर मागे बसणं त्यांना जमायचं नाही), तेही गेटवर उतरतील. तिथून सी विंगपर्यंत चालत. दारात मावशी पायांवर पाणी घालतील, भाकरतुकडा ओवाळून टाकतील, मग घरात. त्या वेळी ढोल, फटाके, माइक यांपैकी काहीही नको. कोणाला भाषण करायचं असेल तर त्याने संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन करावं. समितीतल्या काही जणांना हार घालून फोटो काढायचा आहे असं कानावर आलं आहे. फोटो गेटवर काढा. भाकरतुकड्याच्या मधे येऊ नका, मावशी ऐकून घेणार नाहीत.

या व्यवस्थेत तुमचं पहिलं कारण उरत नाही. दुसरंही नाही, कारण आवारातली एकही पार्किंगची जागा अडत नाही. बाहेरच्या भिंतीलगत रविवारी सकाळी भाजीच्या दोन हातगाड्या असतात, त्यांना मी सांगितलं आहे, त्या अर्धा तास पलीकडे उभ्या राहतील.

आणखी एक. आपल्या गेटवर रात्रपाळीला जे काका असतात ते स्वतः माजी सैनिक आहेत. एजन्सीच्या गणवेशात असल्यामुळे लक्षात येत नाही. रविवारी सकाळी सातला त्यांची पाळी सुटते आणि हवालदारसाहेबांची गाडी ठाण्याला त्यानंतर पोचते. त्यांना थांबायचं असेल तर थांबू द्या, मात्र बॅरियर उचलायला नको. तेवढा वेळ दिवसपाळीच्या मुलाला वेळेवर यायला सांगा, नेहमीसारखा पाऊण तास उशीर नको. काकांनी कुठे उभं राहायचं ते त्यांचं ते ठरवतील.

आणि ती पाहुण्यांची वही. वहीचं आणि गेटवर नोंद करायच्या त्या मोबाइल अॅपचं काय ते सेक्रेटरींनी शनिवारी बघून ठेवावं. हवालदारसाहेबांचं नाव सी विंगच्या रहिवाशांच्या यादीत चढवायचं आहे. फॉर्म मी मावशींकडून भरून घेतला आहे आणि या पत्राला जोडला आहे. पार्किंगच्या प्रतीक्षा यादीतही त्यांचं नाव नियमाप्रमाणे शेवटी घाला. रांग मोडून काही नको, असं मावशींनी मला बजावून सांगितलं आहे.

समितीची बैठक घ्यायला वेळ नाही याची मला कल्पना आहे. तरी शुक्रवारी रात्रीपर्यंत तुम्ही, सेक्रेटरी आणि खजिनदार अशा तिघांची सही असलेली सुधारित नोटीस लागली तर पुरे. मजकूर मी दुसऱ्या कागदावर लिहून दिला आहे, शुद्धलेखन तपासलेलं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
ए विंग, पहिला मजला, गेटवरची खिडकी

ता. क. : चाळीस पोरं, घरची माणसं आणि आपण सगळे धरून शंभरेक कप चहा लागेल. चहा, साखर, दूध माझ्याकडे. पण गणपतीच्या सामानातलं मोठं पातेलं आणि दोन शेगड्यांची भट्टी टेरेसवरच्या खोलीत आहे, आणि तिची किल्ली मागच्या वर्षीपासून खजिनदारांकडे आहे. ती शनिवारी संध्याकाळपर्यंत मिळावी. पातेलं घासलेलं नसणार, हे मी गृहीत धरलं आहे.