स्टिरिओ एन्कोडरमधला ऑडिओ लो-पास फिल्टर माहितीपत्रकाप्रमाणे नसल्याबद्दल

प्रति,
सेवा विभाग प्रमुख

आज दुपारी आपल्या हेल्पलाइनवर जे ऐकून घ्यावं लागलं, त्यानंतर आता लेखीच कळवतो.

आमचं खानापूर तालुक्यातलं छोटं कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे, 50 वॅटचा ट्रान्समीटर. त्याला आपला स्टिरिओ एन्कोडर, म्हणजे डावा-उजवा आवाज एका सिग्नलमध्ये गुंफणारी पेटी, जोडला आहे. कन्नडमधली शेतीची मुलाखत चालू असते तोवर रेडिओवरचा स्टिरिओचा दिवा स्थिर. सकाळी स्टुडिओत हरिपाठ रंगला, टाळ वाजू लागले, की दिवा लुकलुकतो. आवाज मध्येच मोनो, मध्येच स्टिरिओ. तेच भजन कमी बिटरेटच्या एमपीथ्रीवरून लावलं तर काही होत नाही, कारण त्यात 16 किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक आधीच कापलेलं असतं. दोष कुठं आहे हे यावरूनच कळायला हवं होतं.

स्टिरिओची खूण म्हणून एन्कोडर 19 किलोहर्ट्झचा एक स्थिर सूर, पायलट, पाठवतो; तिथं आवाजातलं काही पोचू नये म्हणून वरचे सूर कापणारा लो-पास फिल्टर असतो. आपल्या माहितीपत्रकात त्याची 19 किलोहर्ट्झला 50 डेसिबल घट लिहिली आहे. आम्ही मोजली, जेमतेम 9. शिवाय 15 किलोहर्ट्झला 3 डेसिबल आधीच गेलेले. पेटी उघडली तर प्रत्येक चॅनेलला दोन ऑप-अँप (छोटे अॅम्प्लिफायर), म्हणजे चौथ्या ऑर्डरचा साधा बटरवर्थ, हळूहळू उतरणारा फिल्टर; ऑर्डर जितकी मोठी तितका उतार तीव्र. 15 पर्यंत सपाट आणि 19 ला खोल खड्डा हवा तर निदान सातव्या ऑर्डरचा एलिप्टिक, म्हणजे एकदम तीव्र उताराचा फिल्टर लागतो, हे आपल्या डिझाइन विभागाला ठाऊक नसेल असं मानायला मन तयार नाही. त्यात उंच सूर प्रक्षेपणाआधी मुद्दाम वाढवणारा 50 मायक्रोसेकंदांचा प्री-एम्फसिस 19 ला साडेपंधरा डेसिबल चढवतो. 9 घटले, साडेपंधरा चढले. टाळ पायलटवर कमी होऊन नव्हे, मोठा होऊन आदळतो!

आता ते बोलणं. मी हे सगळं शांतपणे सांगितलं. पलीकडून उत्तर: "सर, 19 किलोहर्ट्झ माणसाला ऐकूच येत नाही, मग अडचण काय?" मी म्हटलं, पायलट माणसासाठी नसतो हो, रिसीव्हरसाठी असतो, त्यावरच तो स्टिरिओ उलगडायला लागणारा 38 किलोहर्ट्झचा कॅरियर उभा करतो. थोडा वेळ गप्प. मग, "तुमच्या सीमाभागात सिग्नलची कटकट असतेच की, महाराष्ट्राचे स्टेशन मिसळत असतील." रिसीव्हर ट्रान्समीटरच्या शेजारच्या टेबलावर आहे, म्हटलं. तर म्हणे, "मग टाळ जरा कमी वाजवायला सांगा."

उद्यापासून आमच्या वारकऱ्यांना सांगतो, माऊली, हळू वाजवा, कंपनीचा फिल्टर दमलाय. 19 किलोहर्ट्झ ऐकू येत नाही असं एन्कोडर विकणाऱ्या कंपनीच्या माणसानं म्हणावं, आणि आपण त्याला तांत्रिक सल्लागार म्हणावं!

आपला जुना मोनो एक्सायटर (ट्रान्समीटरला सिग्नल पुरवणारी पेटी) आमच्याकडे अजून बिनतक्रार चालतो. त्याच नावावर विसंबून हा घेतला.

माहितीपत्रकात छापला आहे तसा फिल्टर असलेलं कार्ड, दोन्ही चॅनेल एकमेकांशी जुळवून, पंधरा दिवसांत पाठवा. नाहीतर पेटी परत न्या आणि पूर्ण पैसे द्या. तसं झालं नाही तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात हेच कागद दाखल होतील. आसपासची केंद्रं विचारतातच कुठला एन्कोडर घ्यावा म्हणून. त्यांनाही आलेख दाखवीन.

सोबत: मोजणीचा आलेख, उघडलेल्या कार्डाचे फोटो, बिलाची प्रत.

केंद्राचा तांत्रिक जबाबदार