देव माणूस झाला, तो मतदानाने नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या नाताळ पुरवणीतला पहिल्या पानावरचा लेख वाचला. २५ डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये कुठेच नाही, हे लेखकाने लिहिले ते बरोबरच आहे. आमचे पाळकही ते व्यासपीठावरून सांगतात. पण पुढे 'येशू हा साधा उपदेशक होता, इ. स. ३२५ मध्ये रोमन सम्राटाने परिषद भरवली आणि मतदान घेऊन त्याला देव ठरवले' असे जे ठोकून दिले आहे, त्यावर लिहिल्यावाचून राहवेना. मी कुणी धर्मपंडित नाही. भायखळ्याला राहणारी मराठी ख्रिस्ती बाई, बाळंतपणाच्या वॉर्डात नोकरी करून निवृत्त झालेली सिस्टर. वाचनाची खोड मात्र जुनी.

निकेया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले इझनिक. तिथली परिषद सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावली, हे खरे. पण 'येशू देव की नुसता माणूस' हा तिथला वादच नव्हता. वाद उभा केला होता अलेक्झांड्रियाच्या एरियस या पाळकाने, आणि तोसुद्धा येशूला नुसता माणूस म्हणत नव्हता. बाकी सृष्टीच्या आधी देवाने पुत्राला, म्हणजे येशूला, घडवले, म्हणून पुत्र पित्याच्या बरोबरीचा नाही, असे त्याचे म्हणणे. परिषदेने ते नाकारले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे लिहून ठेवले. शेवटपर्यंत अडून बसलेले बिशप दोनच. बरे, सगळा सम्राटाचा डाव म्हणाल, तर याच कॉन्स्टंटाइनने ३३७ मध्ये मरणाच्या दारात बाप्तिस्मा घेतला तो एरियसची बाजू घेणाऱ्या बिशपाच्या हातून! त्याच्या मुलाने तर एरियसवाद्यांचीच पाठराखण केली. निकेयाचा निर्णय उचलून धरणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनासियसला वेगवेगळ्या सम्राटांच्या काळात पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. सरकारी मताची अशी परवड होते होय?

निकेया ज्या बिथिनिया प्रांतात येते, तिथे परिषदेच्या दोनशे वर्षे आधी प्लिनी नावाचा रोमन सुभेदार होता. त्याने ख्रिस्ती लोकांना धरून आणून चौकशी केली आणि इ. स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्राजनला कळवले, की ही माणसे ठरल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. बायबलमधले, प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेले पत्र त्याच्याही पन्नासेक वर्षे आधीचे. देवस्वरूप असलेल्याने स्वतःला रिते केले, दासाचे रूप घेतले आणि वधस्तंभावरचे मरणही पत्करले, हे त्यात आहेच.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीला डोकेदुखी झाली ती भलत्याच बाजूने. देव म्हटल्यावर त्याला कसले शरीर आणि कसली भूक? तो सगळा नुसता भास होता, असे सांगणारे निघाले. अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस याला रोममध्ये श्वापदांपुढे टाकायला नेत होते. वाटेत लिहिलेल्या पत्रांतून तो बजावतो, की येशू खराच जन्मला, खराच जेवला-प्याला, रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या वेळी खराच वधस्तंभावर मेला.

हा इग्नाशियस मला जवळचा वाटतो. तुमच्या पुरवणीतल्या चित्रात बाळ कसे गुलाबी, हसरे, केस विंचरलेले आहे. बाळ असे येत नाही हो. निळसर येते, अंगाला रक्त आणि पांढरा चिकटा, डोके कधी कधी दाबून लांबुळके झालेले. नाकातोंडातला द्रव काढायचा, कोरडे करताना पाठ चोळायची. रडले, की नाळेला चिमटे लावून कापायची, आणि वार पूर्ण पडेपर्यंत आईवरची नजर हलवायची नाही. शुभवर्तमानात लूक लिहितो, मरियेने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले. बाळंते म्हणजे ते ओले होणार, कुणीतरी धुऊन वाळत घालणार. ज्याने चंद्रसूर्य केले तो त्या बाळंत्यात होता, असा आमचा विश्वास आहे. पटू नये असाच आहे, कबूल. पण टीका करायची तर यावर करा, मतदानावर कशाला?

पुढे तोच विहिरीवर दमून बसतो, होडीत उशीवर डोके टेकून झोपतो, लाजार या मित्राच्या कबरेकडे जाताना रडतो. ४५१ मध्ये खाल्केदोनच्या परिषदेने म्हटले, की तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, व्यक्ती मात्र एकच. दोन्ही स्वभावांची सरमिसळ नाही आणि ताटातूटही नाही. कसे, ते परिषदेने सांगितले नाही. काय म्हणू नये, एवढे कुंपण घातले.

आमच्या शेजारच्या वहिनी माळकरी, आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या. त्या म्हणतात, "आमचे नऊ झाले, दहावा यायचाय, तुमच्या एकाचं काय कौतुक? कृष्णही देवकीच्याच पोटी आला, तोही तुरुंगात." त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मी सांगते ते इतकेच, की आम्ही हे एकदाच घडले असे मानतो, रोमन सम्राट औगुस्त कैसराच्या अमलात, बेथलेहेम गावी. आणि घेतलेले शरीर त्याने परत टाकून दिले नाही. पुनरुत्थानानंतर शिष्यांना वाटले भूतच आले. तेव्हा त्याने हातपाय दाखवले, खायला काही आहे का विचारले आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खाल्ला. तो स्वर्गात गेला तोही माणूस म्हणूनच, असे आम्ही मानतो. यावर वहिनी म्हणाल्या, "मासा होय! मग तुमचा देव मुंबईकरच म्हणायचा."

मराठीत हा विषय कालपरवाचा नाही. फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये तो ओव्यांत मांडला. १८९५ मध्ये याच मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने आम्ही आजही पेटी-तबल्यावर म्हणतो. लेखकाने इतके जवळचे सोडून हे मतदान कुठून आणले, कोण जाणे.

३२५ सालाबद्दलची दुरुस्ती कृपया छापावी. पुढच्या वर्षीच्या पुरवणीत बाळाचे चित्रही बदलता आले तर पाहा. केकच्या पाककृती मात्र तशाच राहू द्या, त्या चांगल्या होत्या.

— एक निवृत्त परिचारिका, भायखळा, मुंबई