मॉरिसटाउनच्या ताईंचे आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनमधल्या, अंधांना वाट चालायला मदत करणारे कुत्रे तयार करणाऱ्या 'द सीइंग आय' या संस्थेची भेट तुम्ही आमच्या मंडळासाठी जुळवून आणलीत, त्याबद्दल सगळ्यांच्या वतीने मनापासून आभार. पण मला खरं लिहायचंय ते माझ्या बाबांबद्दल, आणि ते चारजणांनी वाचावं म्हणून असं उघड लिहितेय.

काचबिंदूने बाबांची नजर जवळजवळ गेलीय. ते समोर बसलेले असतात आणि लोक मला विचारतात, "काका चहा घेतील का?" तुम्ही मात्र आल्या आल्या थेट त्यांच्याशीच बोललात. ट्रेनर बोलत होती तेव्हा त्यांच्या शेजारी बसून सगळं मराठीत सांगत राहिलात.

बाबांनी विचारलं, "सिग्नल हिरवा झाला हे कुत्र्याला कळतं कसं?"

"कळतच नाही, काका," तुम्ही म्हणालात. "गाड्यांचा आवाज ऐकून कधी निघायचं ते माणूस ठरवतो. त्याने 'फॉरवर्ड' म्हटलं आणि गाडी अंगावर येत असेल, तर कुत्रा हुकूम मोडतो, जागचा हलत नाही."

रस्ता माणसाला ठाऊक हवा, वळायचं कुठे हेही त्यानेच सांगायचं; खांब, खड्डे, पायऱ्या कुत्रा सांभाळणार. हे ऐकून बाबा सावरून बसले. कुत्रा आपल्याला ओढत नेणार अशी त्यांची समजूत होती आणि ती त्यांना मुळीच रुचत नव्हती. मग ट्रेनरने रिकाम्या हार्नेसची, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर बांधायच्या हँडलवाल्या पट्ट्याची, पुढची बाजू स्वतः धरली आणि हँडल बाबांच्या डाव्या हातात दिलं. "आवळू नका, बोटं सैल सोडा," तुम्ही म्हणालात. चार पावलांत बाबा ओरडले, "डावीकडे वळली ही!" त्यांचा तो आवाज मी फार दिवसांनी ऐकला.

मॉरिस फ्रँक हा अंध तरुण १९२८ साली स्वित्झर्लंडहून बडी या कुत्रीला घेऊन आला आणि पुढच्याच वर्षी संस्था उभी राहिली, ही गोष्ट सगळ्यांना आवडली. बाबांना मात्र फीचं कौतुक: पहिल्या कुत्र्यासाठी १५० डॉलर, नंतरच्या प्रत्येकासाठी ५०. खर्चाच्या मानाने काहीच नाही, पण पैसे आपण मोजलेले असतात, असं ते घरी येताना दोनदा म्हणाले.

तुम्ही स्वतः संस्थेची पिल्लं घरी वाढवता आणि वर्षभराने परत करता. "जीव लागत नाही का?" असं कुणीतरी विचारलंच. "लागतो की," एवढंच बोलून तुम्ही फोनमधला फोटो दाखवलात. तुमचं लॅब्रॅडॉर, अंगात हार्नेस, शेजारी त्याचा नवा माणूस. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

कुत्रा मिळण्याआधी पांढऱ्या काठीने एकट्याने फिरता आलं पाहिजे, हेही तुम्ही बाबांना स्पष्ट सांगितलंत. आम्ही काठीचं नाव काढलं की ते उठून जायचे. परवा त्यांनी आपणहून विषय काढला. दिवाळीपर्यंत ते इथेच आहेत. काठीने चालायला शिकवणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर कृपया कळवा. फोन मला नको, त्यांनाच करा.

तुमची,
मंडळातली एक मैत्रीण