म्हसरूळचं घर विकायचं नाही

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर म्हणालीस, नाशकात म्हसरूळला आता चांगला दर मिळतोय, तर फ्लॅट विका आणि कॉलेज रोडला लहानसं घर घ्या, दवाखाना-दुकानं सगळं हाताशी राहील. तेव्हा मी हो-नाही काहीच बोलले नाही. नंतर बाबांचं आणि माझं सविस्तर बोलणं झालं. घर विकायचं नाही असं ठरलं आहे. का, ते फोनवर धड सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

तुला ज्या एजंटने दर कळवला, तो खोटं काही सांगत नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच दिंडोरी रोडवर आहे. निमाणी स्टँडहून सिटीलिंकची शहर बस येते. २०२७ च्या कुंभमेळ्याच्या नावाने शहरभर कामं निघाली आहेत. रस्ता जितका रुंद, तितकी इमारत उंच चढवायला परवानगी मिळते. त्यामुळे शहराच्या विकास आराखड्यातल्या रस्त्याची, म्हणजे डीपी रोडची, नकाशावरची रेघ कोणाच्या बांधावरून जाते, यावर इथे जमिनीचा दर ठरतो. पूर्वी मळेवाले एकरात बोलायचे. आता त्यांच्या घरातली शाळकरी पोरंसुद्धा गुंठ्यात बोलतात, आणि एका गुंठ्याचे १०८९ चौरस फूट त्यांना तोंडपाठ असतात.

पण संध्याकाळी दिवेलागणीला गच्चीत उभी राहिले की मला वेगळंच दिसतं. समोरच्या नव्या टॉवरमध्ये मोजकेच दिवे असतात. घरं रिकामी आहेत, पण विकली न गेलेली नव्हेत. कोणी मुंबईचं, कोणी परदेशातलं, दर वाढेपर्यंत कुलूप घालून ठेवलेलं. याचा त्रास इथे राहणाऱ्याला होतो. माणसं कमी म्हणून बसची फेरी उशिरा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला गिऱ्हाईक पुरत नाही, सारखा मालक बदलतो. शाळेची व्हॅन दोन पोरांसाठी आतपर्यंत वळत नाही. रात्री रिक्षावाले 'तिकडून परतीचं भाडं मिळत नाही' म्हणून नकार देतात. एरिया डेव्हलप होतोय असं ज्याला म्हणतात, तो अर्धा असा अंधारात उभा आहे. आपण विकलं तर घेणारा बहुतेक असाच कोणीतरी असेल, आणि अंधारात आणखी एका खिडकीची भर पडेल. दर जितका चांगला, तितकी ही शक्यता जास्त.

जे खरोखर राहायला आले आहेत, ते कोण आहेत हे तुला माहीत नाही, कारण तू सणाला दोन दिवस येतेस. आपल्या जिन्यात कळवणचे आहेत, सटाण्याचे आहेत, वणीकडचे आहेत. नोकरी सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तरी घर घेतलं ते इथे. मी एकदा विचारलं तर एक जण म्हणाला, "काकू, हा आमच्या गावचा रस्ता आहे. रात्री आईला बरं नाही असा फोन आला तर शहर ओलांडून जावं लागत नाही." मला हे फार पटलं. उन्हाळ्यात त्यांच्या आया येतात, गच्चीवर कुरडया-पापड वाळत पडतात, आणि दुपारभर जिन्यात अहिराणी ऐकू येते. आधी मला निम्मं कळायचं नाही, आता सगळं कळतं. चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणारे याच रस्त्याने जातात. त्यांच्यासाठी आपल्या कॉलनीतल्या बायका पहाटे चहाचं पातेलं घेऊन नाक्यावर उभ्या राहतात. जुन्या गावठाणातली मंडळी हे पूर्वीपासून करत आली होती. नव्यांनी त्यांना विचारलं, आम्हीही येऊ का, आणि तेव्हापासून गावातली माणसं आम्हाला 'फ्लॅटवाले' म्हणेनाशी झाली.

आता मळ्याचं सांगते, कारण माझा जीव सगळ्यात जास्त तिथे अडकला आहे. आपल्या कंपाउंडला लागून द्राक्षाची बाग आहे, तुला आठवते ना? ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा पडली की डावणी रोग येईल या धाकाने बागवाले काका भल्या पहाटे फवारणीचा ब्लोअर काढतात. औषधाचा वास खिडकीतून आत येतो, लहान मुलांना खोकला होतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये काही जण तक्रार करायला निघाले होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, बाग आधी होती, आपण नंतर आलो. तक्रार करण्याआधी त्यांच्याशी बोला तरी. बोलल्यावर कळलं की त्यांनाही संकोच वाटत होता. आता फवारणीच्या आदल्या रात्री ते ग्रुपवर निरोप टाकतात, आम्ही खिडक्या लावून घेतो. त्यांची सून गेटवर पालक-मेथी विकायला बसते.

पण बाग फार दिवस राहणार नाही, हे मला कळतं. भावाभावांत वाटण्या झाल्या आहेत. पाण्याचंही तेच आहे. गंगापूर धरणाचं पाणी डाव्या कालव्याने मळ्यांना मिळतं आणि त्याच धरणाचं शहराच्या नळालाही. शहर वाढलं की नळाचा वाटा वाढतो आणि कालव्याला पाणी सुटायच्या आवर्तनाच्या वेळी काकांच्या कपाळावर आठ्या येतात. आणि जमीन विकून मालकाच्या हातात निदान पैसे येतात. पेठ-सुरगाण्याकडून बागेच्या कामाला येणारी माणसं मात्र आता त्याच जागेवर विटा वाहतात आणि पत्र्याच्या खोलीत राहतात. आपण ज्या घरात राहतो तेही अशाच कुठल्यातरी मळ्यावर उभं आहे. हे विसरून नुसता दर मोजत बसणं मला जमत नाही.

मग करायचं काय? मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आपल्याकडेही सोडली आहे, पण बिल्डरचा राडारोडा आणि गाजरगवत यांनी ती भरली होती. आम्ही बायकांनी मागे लागून लागून ती साफ करून घेतली. कडुनिंब, बहावा, करंज लावले, पहिले दोन उन्हाळे भाजी धुतलेलं पाणी बादल्यांनी घातलं. बहावा यंदा पहिल्यांदा फुलला. त्या जागेवर पार्किंगची शेड टाकायची असं आता काही जणांच्या मनात आहे, त्यातले बरेचसे इथे राहतच नाहीत. मीटिंगला हजर राहून नाही म्हणणारी माणसं लागतात, सोनू. मी आणि बाबा त्यातले दोघं आहोत. शेजारची बाग जाईल तेव्हा तिथेही अशी मोकळी जागा सुटेल, ती नीट सुटते का हे बघायला आम्ही इथे असायला हवं.

तुझी काळजी मला समजते. बाबांचा गुडघा, उन्हाळ्यातला टँकर, धूळ, सारखे खणलेले रस्ते, हे सगळं खरं आहे. गुडघ्यासाठी पंचवटीतले डॉक्टर पुरतात, आणि वरच्या मजल्यावरच्या कळवणच्या मुलाने गाडीची दुसरी किल्ली आपल्या घरात ठेवली आहे, रात्री-अपरात्री लागली तर म्हणून. कॉलेज रोडला असं कोणी किल्ली देईल का, मला सांगता येत नाही. धूळ मी पुसते.

तेव्हा त्या एजंटला तूच कळव की घर विकायचं नाही, आणि माझा नंबर त्याला देऊ नकोस. फेब्रुवारीत काकांची बाग काढणीला येईल. शनिवार-रविवार जोडून या आणि छोटीलाही आण. घडावरून मणी तोडून खाण्याची मजा तिने एकदा घेतली पाहिजे. येताना तुझ्या जुन्या दप्तरातली चित्रांची वही आण, खालच्या मजल्यावरच्या मुलीला चित्रं काढायची फार आवड आहे.

जावईबापूंना आशीर्वाद. छोटीला गोड पापा.

तुझी,
आई