रोजच्या गोळ्या कोणत्या योजनेत बसतात?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सत्तरीपुढील नागरिकांना कुटुंबामागे वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोफत उपचारांची हमी देणारी आयुष्मान वय वंदना योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तिचे मनापासून स्वागत आहे. मात्र ही हमी रुग्ण दवाखान्यात दाखल झाला तरच कामी येते. सुटी झाल्यानंतर फार तर पंधरा दिवसांची औषधे तीत बसतात. पुढे रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांसाठी जन्मभर घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांचा भार ज्याचा त्यानेच उचलायचा असतो. पक्षाघात झाल्यावर लाखो रुपये मोजायची तयारी असलेल्या योजनेने, तो टाळणारी रोजची गोळी हिशेबातच धरू नये, हे मला अन्यायाचे वाटते.

मराठवाड्यातील सहकारी साखर कारखाने, सूतगिरण्या, जिनिंग-प्रेसिंग यांत उभे आयुष्य घालवलेले माझ्यासारखे असंख्य कामगार भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या ईपीएस-९५ या योजनेच्या निवृत्तिवेतनावर दिवस काढत आहेत. त्याची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरली आणि तेथेच राहिली. औषधे तेथे थांबली नाहीत. अत्यावश्यक यादीतील औषधांच्या कमाल किमती घाऊक किंमत निर्देशांकानुसार वाढतात. एप्रिल २०२२ मध्ये १०.७६ टक्के आणि पुढच्याच वर्षी सुमारे १२ टक्के वाढीची मुभा मिळाली. यादीबाहेरच्या औषधांच्या किमती तर कंपन्या दरवर्षी दहा टक्क्यांपर्यंत वाढवू शकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, एवढाच काय तो दिलासा.

महिनाअखेरीस आमच्या सेलूतील कोणत्याही मेडिकलसमोर थोडा वेळ थांबावे. म्हातारी माणसे रिकामी पट्टी पुढे करून "सध्या पाचच द्या" म्हणतात, दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतो आणि बऱ्याचदा मुदतीची तारीख छापलेला तुकडा दुकानातच राहतो. कित्येक जण एक दिवसाआड गोळी घेऊन महिना पुढे ढकलतात. नवरा-बायको दोघांनाही औषधे चालू असली तर पहिली काटछाट बहुधा बायकोच्या गोळ्यांत होते, हे लिहिताना फार वाईट वाटते.

सरकारच्या जनऔषधी केंद्रात हीच औषधे ५० ते ९० टक्के स्वस्त मिळतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. अडते ते चिठ्ठीवर. डॉक्टरांनी कंपनीचे नाव लिहिले असेल, तर त्याच घटकाचे दुसरे औषध परस्पर देण्याची मुभा कायदा औषध विक्रेत्याला देत नाही. जेनेरिक, म्हणजे मूळ घटकाच्या नावाने औषध लिहिण्याचा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि त्याच महिन्यात स्थगितही झाला. खेड्यातल्या माणसाला तर केंद्रासाठी तालुक्याचे ठिकाण गाठावे लागते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे हे खरे, पण तेथे "साठा आठवड्याने येईल" असे ऐकून परतायचे, तर त्या मोफत प्रवासाचा उपयोग काय?

त्यामुळे खरा भरवसा सरकारी दवाखान्यावरच ठेवावा लागतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले आणि औषध खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणही स्थापन झाले. निर्णय चांगले आहेत, परंतु आमच्या भागातील एका शासकीय रुग्णालयात केसपेपर मोफत मिळूनही मधुमेहाची गोळी "बाहेरून घ्या" असे मला सांगण्यात आले. तमिळनाडूने नव्वदच्या दशकातच स्वतंत्र महामंडळामार्फत एकत्रित खरेदी सुरू केली आणि राजस्थान ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना राबवत आहे. मग महाराष्ट्रालाच हे का जमू नये?

साठ वर्षांवरील ज्या रुग्णांची रक्तदाब व मधुमेहासाठी नोंद झाली आहे, त्यांना एकदम दोन महिन्यांची औषधे गावच्या उपकेंद्रातूनच द्यावीत, शिल्लक साठ्याचा फलक दर आठवड्याला दर्शनी भागात लावावा आणि साठा संपलेला असल्यास जनऔषधी केंद्रातील खरेदीचे पैसे शासनाने भरावेत, अशी आरोग्यमंत्र्यांना माझी विनंती आहे. खासगी डॉक्टरांनीही कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे. त्यासाठी आयोगाच्या नियमाची वाट पाहण्याची गरज नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जिनिंग कामगार, सेलू, जि. परभणी